जुन्या घराचं हॉटेल करताना आधी न्हाणीघरं मोजा, मग खोल्या

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पणजीत फोंतेन्हास आणि मळा जिथे एकमेकांना भिडतात तिथलं, सासरच्यांचं १८९० च्या आसपासचं दुमजली घर. नऊ वर्षं बंद. त्याचं जुन्या काळच्या थाटाचं लक्झरी हॉटेल करायचंय, चौदा खोल्या, प्रत्येक खोलीत एसी आणि प्रत्येकीला आतच बाथरूम. आर्किटेक्टचं म्हणणं असं की रस्त्याकडची भिंत आणि सज्जाचे लोखंडी कठडे तेवढे ठेवू, मागचं सगळं काढून आरसीसी उभं करू, परवानगीला तेच सोपं. आणि तुम्ही विचारताय, असं केलं तर त्याला 'हेरिटेज' म्हणता येईल का?

मी आर्किटेक्ट नाही. सिव्हिल इंजिनियर आहे, आणि गेली सत्तावीस वर्षं गोव्यात जुनी घरं दुरुस्त करतोय. त्यातल्या काहींची हॉटेलं झाली. काही नीट चालली, दोन बुडाली. त्यामुळे 'म्हणता येईल का' याचं उत्तर देईन, पण शेवटी. कारण तुमच्या पत्रात 'हेरिटेज' हा शब्द आठ वेळा आलाय आणि 'पाणी' हा शब्द एकदाही नाही. तुमची खरी अडचण पाण्याची आहे.

मुंबईच्या ताजचं उदाहरण तुम्ही दिलंय, तिथूनच सुरुवात करू. ताज १९०३ च्या डिसेंबरात उघडलं ते हॉटेल म्हणूनच. सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी नकाशा काढला, डब्ल्यू. ए. चेंबर्सनी काम पुरं केलं, आणि वीज, लिफ्ट हे सगळं पहिल्या दिवसापासून हिशेबात धरलेलं होतं. त्याच्याही आधीचं काळा घोड्याचं वॉटसन्स, १८६० च्या दशकातलं, तर इंग्लंडमध्ये ओतलेल्या लोखंडी सांगाड्याचं. म्हणजे शंभर अनोळखी माणसं एकाच वेळी आंघोळ करणार, हे त्या इमारतींना जन्मापासून ठाऊक होतं.

गोव्यात तसं नाही. इथे ज्याला आपण जुन्या काळचं हॉटेल म्हणतो ते बहुतेक वेळा कुणाचं तरी राहतं घर असतं, नाहीतर तेरेखोलसारखा किल्ला. तेरेखोल सावंतवाडीच्या खेम सावंत भोसल्यांचा, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, आणि १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी तिथे तिरंगा लावला. तिथे खोलीत राहिलेल्या पाहुण्याला यातलं किती कळलं असेल देव जाणे. पोर्तुगीज अमदानीत हॉटेल म्हणूनच बांधलेलं, मोठं, चटकन आठवणारं नाव म्हणजे पणजीचं मांडवी. १९५२ सालचं, सेंट झेवियरच्या शवप्रदर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी बांधलेलं. ते काँक्रीटचं आहे आणि आर्ट डेको वळणाचं. ना काचेऐवजी शिंपले बसवलेल्या खिडक्या, ना बलकांव (दारापुढचा बसायचा ओटा). गंमत पाहा, केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या हेरिटेज हॉटेलच्या निकषात इमारत १९५० पूर्वीची लागते. मांडवी दोन वर्षांनी हुकलं, आणि पाहुणे बसवण्याचा विचार ज्यांच्या मालकांनी स्वप्नातही केला नव्हता ती घरं निकषात बसली.

तर तुमचं घर. १८९० साली त्या घरात न्हाणी होती मागे, परसाकडे, विहिरीजवळ. संडास त्याच्याही पलीकडे. माडीवर पाणी जायचं ते तांब्यात आणि तोंड धुवायच्या चिनी मातीच्या भांड्यात. माडीची जमीन म्हणजे सागाच्या तुळया, त्यावर फळ्या. अशी जमीन साधारण किती भार घेते? राहत्या खोलीसाठी आपण आजही चौरस मीटरला दोनशे किलो धरतो, माणसं आणि सामान मिळून. आता नेहमीच्या पद्धतीचं बाथरूम पाहा. स्लॅब एक फूट खाली बुडवायचा, पाईप टाकायचे, वर विटांच्या तुकड्यांचा भराव आणि फरशी. त्या एक फूट भरावाचंच वजन चौरस मीटरला पाचशे किलोच्या घरात जातं. चार चौरस मीटरचं बाथरूम म्हणजे दोन टन, अजून कुणी आत पाऊलही टाकलेलं नाही. तुमच्या माडीवर अशी सात. चौदा टन. आणि त्यातलं एक जरी झिरपलं तरी ते पाणी जातं कुठे? तुळईच्या टोकाकडे, जिथे ती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीत बसलेली असते. तिथे हवा नाही, उजेड नाही, ओल सुकत नाही. वाळवीला आमंत्रणपत्रिका छापायची गरज नसते.

तुमच्या आर्किटेक्टने आरसीसी सुचवलं ते या हिशेबामुळेच. त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. चौदा खोल्या आणि चौदा बाथरूमं हे गणित धरलं तर उत्तर आरसीसीच येतं. चूक उत्तरात नाही, गणित मांडण्यात आहे.

आतलं सगळं काढून दर्शनी भिंत तेवढी ठेवण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, पण त्याचं कारण भावनिक नाही. चिऱ्याची भिंत एकटी उभी राहायला बांधलेलीच नसते. माडीच्या तुळया, आडव्या भिंती, छपराचे वासे, हे सगळं मिळून तिला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात. आतलं काढलं की सात-आठ मीटर उंचीची, चुन्यात बांधलेली भिंत रस्त्याच्या कडेला नुसती उभी. तिला टेकू द्यायचे तर ते रस्त्यात येणार, आणि फोंतेन्हासचा रस्ता केवढा आहे ते तुम्हाला माहीत आहे. त्यात काम रेंगाळलं, जे रेंगाळतंच, तर भिंतीच्या माथ्यावर सबंध पावसाळा. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वरून उघड्या पडलेल्या भिंतीत तो सरळ आत उतरतो, सांध्यांतला चुना धुतो. अशी एक भिंत मी एका सकाळी रस्त्यावर आडवी पाहिलेली आहे. पहाटेची वेळ म्हणून कुणाला लागलं नाही.

दुसरं कारण खाऱ्या हवेचं. समुद्राकाठी आरसीसीतल्या सळ्यांना गंज चढतो, गंजलेली सळई फुगते, काँक्रीटचे पोपडे सुटतात. नीट काळजी घेतली नाही तर तीस-चाळीस वर्षांत मोठी दुरुस्ती निघते. तुमच्या चिऱ्याच्या भिंतीने सव्वाशे वर्षं काढलीत, आणि तिच्यात गंजायला काही नाही.

पण हे सगळं 'परिस्थितीवर अवलंबून' आहे, आणि ती परिस्थिती मी पाहिलेली नाही. नऊ वर्षं बंद घर म्हणजे कौलं सरकलेली, पन्हळी तुंबलेल्या, आणि बहुधा एखाद्या कोपऱ्यात माडीला भोक. मागचा सोपा खरोखरच बसला असेल, तुळया हाताने कुसकरता येत असतील, तर त्या भागात नवं बांधकाम करायला माझी हरकत नाही. किंबहुना तीच तुमची संधी आहे, ते पुढे सांगतो.

आधी एक कबुली. माझ्या सुरुवातीच्या काळात सासष्टीतल्या एका घराचं काम केलं होतं. जुना चुन्याचा गिलावा ठिकठिकाणी सुटला होता. मालकाला घाई, मला अनुभव नाही, आणि सिमेंटचा गिलावा आठवड्यात होतो. केला. वर चकचकीत प्लास्टिक पेंट. पहिल्या वर्षी सगळ्यांनी पाठ थोपटली. तिसऱ्या पावसाळ्यात जमिनीपासून कंबरेपर्यंत लोणा लागला, पांढरे खडे फुटावेत तसा, आणि हात लावला की पोपडा आणि त्याच्याबरोबर चिऱ्याचा लाल भुगा. झालं असं होतं: चिरा सच्छिद्र. तो जमिनीतली ओल वर ओढतो. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडतो. सिमेंटने ती कोंडली. मग पाणी आणि त्यातले क्षार चिऱ्याच्या आतच साठले, आणि तिथेच स्फटिक होऊन त्याला आतून फोडू लागले. माझ्या खर्चाने तो गिलावा खरवडून काढला, आणि त्याबरोबर चिऱ्याचा इंचभर थरही गेला. तो परत येत नाही.

म्हणून तुमच्या कंत्राटदाराला पहिला प्रश्न हा विचारा: चुना कुठून आणणार आणि किती दिवस भिजवणार? 'सिमेंटमध्ये थोडा चुना घालू' असं उत्तर आलं तर चहा पाजा आणि निरोप द्या. चुना विरवून निदान काही आठवडे पाण्याखाली मुरवायला हवा. वाळू नदीची, धुतलेली, खाडीची नको. थर पातळ, आणि एक थर नीट धरल्याशिवाय दुसरा नाही. चुना वाळून कडक होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो पुन्हा दगड बनतो, आणि त्याला वेळ लागतो. गोव्यात हे काम दसऱ्यानंतर सुरू करून मिरगाच्या खूप आधी संपवायचं. रंगही चुन्याचाच, पिवडी, गेरू, नीळ घालून. दर पावसाळ्यानंतर घर रंगवायची पणजीची जुनी रीत आहे ती हौस म्हणून नाही. चुन्याचा रंग झिजतो, तो झिजावा म्हणूनच लावतात. पाहुण्यांना दरवर्षी फोंतेन्हास नवं दिसतं ते त्यामुळे.

आता न्हाणीघरं. मी तुमच्या जागी असतो तर चौदाचा आकडा आज विसरलो असतो. घराच्या मापांवरून (तुम्ही दिलेत ते बरं केलंत) मला मूळ घरात सहा, फार तर सात खोल्या दिसतात. मंत्रालयाच्या साध्या 'हेरिटेज' वर्गाला पाच खोल्या पुरतात. 'क्लासिक' आणि 'ग्रँड'ला पंधरा लागतात आणि इमारत १९३५ पूर्वीची. तुमचं घर वयाने बसेल, पण पंधरा खोल्या त्याच्या अंगावर शिवायला गेलात तर ते घर उरणार नाही.

या सहा-सात खोल्यांची बाथरूमं कशी? पहिला नियम: बाथरूम खाली बुडवायचं नाही, वर उचलायचं. पाईप मूळ जमिनीच्या वरून न्यायचे, त्यावर हलक्या लोखंडी सांगाड्याचा आणि सिमेंट बोर्डाचा कट्टा, दोन पायऱ्या चढून न्हाणीत. जुन्या फळ्या खाली तशाच राहतात, आणि पन्नास वर्षांनी कुणाला काढावंसं वाटलं तर स्क्रू काढून काढता येतं. झिरपलं तर कट्ट्याखाली दिसतं, कारण तिथे तपासायला झडप ठेवायची. ही झडप ठेवायला प्लंबर नेहमी कुरकुरतो. त्याचं ऐकू नका.

दुसरा: माडीवरचं न्हाणीघर खालच्या न्हाणीघराच्या डोक्यावरच, आणि शक्यतो मागच्या बाजूला. म्हणजे सांडपाण्याचा एकच उभा मार्ग, तोही बाहेरच्या भिंतीला धरून, चिऱ्यात खाचा न पाडता. चिऱ्याच्या भिंतीत आडवी खाच मारणं म्हणजे तिच्या पोटात सुरी चालवणं. वायरिंगचंही तेच, पितळी स्विच आणि उघडी नळी यात काही कमीपणा नाही, उलट शोभतं.

तिसरा, आणि इथे तुमचा पडका सोपा उपयोगी येतो. मागचा भाग खरंच गेला असेल तर तिथे वेगळ्या पायावर, मूळ भिंतींना न टेकणारं नवं बांधकाम करा. त्यात ज्या ज्या गोष्टींना पाणी, वजन आणि आग लागते ते सगळं: स्वयंपाकघर, धुलाई, टाक्या, लिफ्ट हवी असेल तर तीही, आणि चार-पाच आधुनिक खोल्या. ते जुनं भासवू नका. साधं, नवं, नीट दिसू द्या. उंची मात्र मूळ आढ्यापेक्षा खाली. म्हणजे अकरा-बारा खोल्यांपर्यंत पोचता येईल आणि चौदा टन भराव सागाच्या डोक्यावर येणार नाही.

एसीबद्दल थोडंच. जुन्या घरात उकडतं ते भिंतींमुळे नाही, कौलांमुळे. तक्तपोशीच्या वर उष्णतारोधक थर घाला, कौलांखाली हवा खेळू द्या, मग लहान एसी पुरतो. पंचवीस-सव्वीसवर चालवा. अठरावर ठेवलात तर बाहेरची दमट हवा भिंतीच्या गारव्याला येऊन ओल धरते, आणि मग मालक मला फोन करून विचारतो, कपाटातल्या चादरींना वास का येतो. बाहेरची यंत्रं दर्शनी भिंतीवर लावलेली दिसली तर मी तुम्हाला ओळख देणार नाही.

कौलं बदलायची वेळ आली तर एक मजेची गोष्ट. पाहुणे ज्याला 'अस्सल पोर्तुगीज छप्पर' म्हणून फोटो काढतात ती बहुतेक मंगळुरी कौलं, म्हणजे बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळुरात पहिला कारखाना काढला त्या घराण्यातली. त्याआधीची नळ्यांची. तुमच्याकडे जुन्या छापाची असतील तर उतरवून एकेक वाजवून पाहा, खणखणीत वाजलं तर परत चढवा. शिंपल्यांच्या खिडक्यांचंही तसंच. ते शिंपले आता वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. चिखलीच्या खाडीत उरलेत त्यांच्यासाठी लोक झगडलेत. नवे कुणी आणून देतो म्हणाला तर घेऊ नका. पडलेल्या घरांतून निघालेल्या झडपा मिळतात, आणि फुटलेल्या चौकटीत एखादा दुधी काचेचा तुकडा बसला तर कुणाचं काही बिघडत नाही.

कायद्याचं वकिलाला विचारा, पण तीन गोष्टी मी दर वेळी आधी पाहतो. एक, मालकी. इथे पोर्तुगीज नागरी कायद्याच्या वारशाने नवरा-बायको दोघांची मालकी धरली जाते आणि मुलामुलींचे वाटे असतात, त्यामुळे 'सासरच्यांचं घर' म्हणजे लिस्बन ते लंडन पसरलेल्या किती सह्या, ते मोजा. जुनी इन्व्हेंटरी (वारसांच्या वाटण्यांची कायदेशीर नोंद) झालेली नसेल तर ती आधी. दोन, मागच्या जागेत कुणी मुंडकार, म्हणजे मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारं कुळ, आहे का. १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि असलंच पाहिजे. तीन, तुमचं घर जतन क्षेत्रात येतं, म्हणजे बाहेरून बदल करायला जतन समितीची परवानगी. माझा अनुभव असा की त्या टेबलावर कमीत कमी पाडणारा नकाशा नेला की बोलणं सोपं होतं. 'परवानगीला सोपं' हे तुमच्या आर्किटेक्टचं वाक्य मला म्हणूनच खटकलं.

शेजाऱ्यांशीही बोला. फोंतेन्हासची माणसं फोटो काढणाऱ्यांना वैतागलीत, दारांवर पाट्या लागल्यात. मळ्यात मारुतीची जत्रा भरते तेव्हा तुमच्या पाहुण्याची गाडी दारात येणार नाही, आणि ती येत नाही म्हणून तक्रार करणारा पाहुणा तुम्हाला नकोच असेल.

आता तुमचा मूळ प्रश्न. दर्शनी भिंत ठेवून मागे आरसीसी, हे हेरिटेज का? पाटी लावता येईल. कुणी येऊन ती काढणार नाही. पण पाहुणा त्या घरात येतो तेव्हा त्याला काय भेटतं ते पाहा. पायाखाली किंचित दबणारी फळी, भर दुपारी गार लागणारी दोन फुटी भिंत, उंच तक्तपोशीत विरून जाणारा आवाज, माडीच्या साळीतून (तो मोठा हॉल, जिथे नाच आणि लग्नं व्हायची) वाऱ्याचा झोत. यातलं एकही रस्त्याकडच्या भिंतीत नाही. ते सगळं तुम्ही पाडायला काढलेल्या भागात आहे. आणि ते 'पोर्तुगीज' म्हणून विकताना थोडं जपून. चिरा इथल्या खाणीचा, हात इथल्या गवंड्यांचे आणि च्यारींचे (सुतारांचे), शिंपले इथल्या खाडीतले, कौल मंगळूरचं, ताटं चीनची. माडीवर पाणी चढवणारी बाईही कुणाच्या तरी घरची होती. तिचा जिना मागे असेल, अरुंद, अंधारा. तो पाडू नका. पाहुण्यांना तो जिना दाखवणारं एक हॉटेल मला माहीत आहे, आणि तिथे लोक समोरच्या संगमरवरी जिन्यापेक्षा त्याच्यापाशी जास्त वेळ थांबतात.

यंदा पाडकाम, बांधकाम काहीच करू नका. पाऊस सुरू व्हायच्या आत सरकलेली कौलं बसवून घ्या, पन्हळी साफ करा, घराभोवतीची माती भिंतीपासून दूर उतरती करा. मग जुलैत एका मोठ्या पावसाच्या रात्री तिथे मुक्काम करा, विजेरी आणि घराचा नकाशा घेऊन. जिथे थेंब पडेल तिथे खूण. सकाळी माडीखाली जाऊन तुळयांची भिंतीत शिरणारी टोकं एकेक करून पाहा, जाड दाभण टोचून. दाभण अर्ध्या इंचापेक्षा आत गेलं ती तुळई लाल, अडलं ती हिरवी. त्या टोकांचे फोटो आणि तो नकाशा मला पाठवा. सहा खोल्या की सात, हे त्यावरून सांगेन.